पैसे गेले रिसिव्हरकडे, बिल आलं माझ्याकडे

पत्र आधी देते, थोडं कापून, नाव-गाव ओळखू येईल असं काढून टाकलंय.

"नमस्कार मावशी, मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं इंग्लंडात, स्लाऊला. माझा डब्यांचा छोटा धंदा होता, ऑफिसवाल्यांना डबे द्यायचे. मार्च २०२० ला ऑफिसं बंद झाली आणि धंदा बसला तो बसलाच. क्रेडिट कार्डं, आणि नोव्हेंबर २०१८ ला घेतलेलं एक मोठ्या व्याजाचं लोन, सगळं डोक्यावर. शेवटी ६८० पौंड भरून ऑनलाइन बँकरप्सी (दिवाळखोरी) केली, मार्च २०२१ ला. मार्च २०२२ ला डिस्चार्ज मिळाला. वाटलं सुटले.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये फेसबुकवर जाहिरात आली, जुनं लोन परवडत नसताना दिलं असेल तर पैसे परत मिळतात, नो विन नो फी. बसस्टॉपवर उभ्या उभ्या मोबाईलवर फॉर्म भरला, बोटानं सही केली. त्यांनी सॉफ्ट सर्च करून (म्हणजे माझी क्रेडिट फाईल वरवर बघून) माझ्या जुन्या लोनची यादी पण दाखवली. एक प्रश्न बँकरप्सीबद्दल होता, मी 'नाही' वर टिक केलं कारण माझी संपली होती ना. यावर्षी लोन कंपनीनं मान्य केलं, ३,२०० पौंड. मी आनंदात, आणि दुसऱ्या पत्रात लिहिलेलं की पैसे ऑफिशियल रिसिव्हरला (बँकरप्ट माणसाची मालमत्ता ताब्यात घेणारा सरकारी अधिकारी) पाठवले. मला एक पेनी नाही. आणि त्या जाहिरातवाल्या क्लेम्स कंपनीचं बिल १,०७५ पौंड २० पेन्स. मी फोनवर रडले तर ती मुलगी म्हणाली कॉन्ट्रॅक्ट इज कॉन्ट्रॅक्ट. आता वसुलीवाल्यांचं पत्र आलंय, १४ दिवसांत भरा नाहीतर पुढची कारवाई. बेलिफ (कोर्टाचे जप्तीवाले) येतील का? परत बँकरप्सी उघडेल का? मिस्टरांना यातलं काही माहीत नाही. महिन्याला ५० देऊन टाकू का, निदान तोंड तरी बंद होईल त्यांचं?"

अगं, पहिलं उत्तर शेवटच्या प्रश्नाचं देते कारण ते तू कदाचित आजच करून बसशील: नको. ५० नको, २० नको, 'गुडविल म्हणून' पण नको. एकदा पैसे द्यायला लागलीस की उद्या ते म्हणणार की बाईंनी देणं मान्य केलं होतं, हप्तेच सुरू केले होते, आता कसला वाद. आधी वाद लेखी मांडायचा, पैशाचं काय ते नंतर. आणि फोनवर बोलणं बंद. फोन आला तर एकच वाक्य, "मी हे बिल डिस्प्यूट केलंय, जे काय असेल ते लिहून पाठवा", आणि ठेवून द्यायचा. रडायला आलं तर ठेवल्यावर रड.

बेलिफचं पण आत्ताच सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. वसुली कंपनी म्हणजे बेलिफ नाही. त्यांना तुझ्या दारात उभं राहून फार तर विचारता येतं, आत येता येत नाही, एक चमचा उचलता येत नाही. बेलिफ येतो तो कोर्टाच्या निकालानंतर, आणि इथे कोर्टाचा अजून कागदसुद्धा नाही. ते '१४ दिवस' त्यांनी स्वतःच ठरवलेले आहेत. खरंच कोर्टात जायचं असेल तर त्याआधी त्यांना लेटर बिफोर क्लेम, म्हणजे दाव्याआधीची नोटीस, पाठवावं लागतं, सोबत उत्तराचा फॉर्म, आणि तुला ३० दिवस द्यावे लागतात, ऑक्टोबर २०१७ पासून हा नियम आहे. तुला आलेल्या पत्राचा फोटो बघितला मी, त्यात फॉर्म नाही, काही नाही, नुसती लाल अक्षरं.

आणि जुनी बँकरप्सी उघडत वगैरे नाही. ती झाली ती झाली.

आता मूळ गुंता, आणि हा नीट समजून घे कारण तुझं सगळं भांडण यावर उभं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये तू बँकरप्ट झालीस त्या दिवशी तुझ्याकडे जे जे होतं ते, घरातलं रोजचं सामान वगैरे सोडून, कायद्यानं रिसिव्हरकडे गेलं (१९८६ चा इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट). आपल्याला वाटतं 'जे जे' म्हणजे गाडी, दागिने, बँकेतली शिल्लक. पण त्यात कुणाकडून तरी पैसे मागायचा हक्क पण येतो, तो हक्क आहे हे तुला माहीत नसलं तरी. २०१८ ला तुला न परवडणारं लोन दिलं ही लोन कंपनीची चूक २०१८ ची, म्हणजे त्याबद्दल भरपाई मागायचा हक्क २०१८ लाच जन्माला आला, आणि २०२१ ला तो रिसिव्हरच्या खिशात गेला. तुला डिस्चार्ज मिळाला म्हणजे तुझी देणी सुटली, पण रिसिव्हरकडे गेलेलं येणं डिस्चार्जनं परत येत नाही. लोकांचा घोटाळा होतो तो इथेच. देणी गेली म्हणजे आता सगळं कोरं, असं वाटतं, आणि तसं वाटणं काही मूर्खपणाचं नाही, कारण डिस्चार्जच्या वेळी हे समजावून सांगायला समोर कोणी बसलेलं नसतं.

म्हणून लोन कंपनीनं पैसे रिसिव्हरला दिले ते बरोबर केलं. उलट चुकून तुझ्या खात्यात आले असते आणि तू ते खर्चून बसली असतीस तर आज मी तुला याहून वाईट बातमी देत असते, कारण ते परत करावे लागले असते. त्या मानानं हे बरं.

पीपीआयच्या काळात हे सर्रास व्हायचं. बँकांनी लोनला चिकटवून विकलेला तो विमा, ३८ अब्ज पौंडांच्या वर परत द्यावे लागले बँकांना, आणि २९ ऑगस्ट २०१९ ही अर्जांची शेवटची तारीख होती. त्या वेळी क्लेम्स कंपन्या रोज फोन करायच्या, आपल्या मंडळातल्या एका आजींना तर त्यांनी कधी न घेतलेल्या लोनचा क्लेम करा म्हणून फोन यायचा. तेव्हापासून मी हे बघते, जुने बँकरप्ट लोक, पैसे रिसिव्हरकडे किंवा बँकेच्या जुन्या थकबाकीत वळते, आणि फीचं बिल माणसाच्या दारात. वस्तू बदलली, पीपीआय गेलं, न परवडणारी लोनं आली, आता गाडीच्या फायनान्सची कमिशनं आली, बिल तसंच.

आता तुझं बिल. आधी आकडा तपासू. ३,२०० चे २८ टक्के ८९६, त्यावर २० टक्के व्हॅट १७९.२०, झाले १,०७५.२०. हिशोब पेनीपर्यंत बरोबर आहे. आणि १ मार्च २०२२ पासून एफसीएनं (पैशाच्या धंद्यांवर लक्ष ठेवणारी नियामक संस्था) अशा क्लेमच्या फीला जी मर्यादा घातली आहे तिच्या आत पण आहे, १,५०० ते ९,९९९ पौंडांच्या भरपाईला २८ टक्के, व्हॅट वेगळा. म्हणजे 'फी जास्त लावली' हा मुद्दा तू घेऊ नकोस, दोन मिनिटांत खोडतील आणि मग तुझे खरे मुद्दे पण हलके वाटतील. तुझं म्हणणं किती लावली हे नाहीच, लागतेच कशी हे आहे.

इथे मला तुला एक कडू गोष्ट सांगायची आहे. तू सही बँकरप्सीच्या आधी केली असतीस तर मी म्हटलं असतं निवांत झोप, कारण आधीच्या करारातून नंतर उगवलेलं देणं हे पण बँकरप्सीतलंच देणं धरलं जातं आणि डिस्चार्जबरोबर सुटतं, कंपनीनं रिसिव्हरच्या दारात रांगेत उभं राहायचं. (तुझ्यासारखं पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या एका दादांचं तसं आहे, त्यांनी हे वाक्य कापून भिंतीला लावावं.) पण तुझी सही ऑगस्ट २०२३ ची. डिस्चार्जच्या नंतरची. तो नवा करार, नवं देणं, आणि बँकरप्सी त्याला पुसत नाही. इंटरनेटवर कोणी सांगेल की "मी बँकरप्ट होते, मला माफ" असं एक ओळीचं पत्र पाठव, तर ते पाठवू नकोस. तुझ्या बाबतीत ते चूक आहे आणि कंपनीच्या लोकांना ते चूक आहे हे माहीत असतं.

मग भांडायचं कशावर. तीन गोष्टींवर, आणि त्यातली एक फार मोठी आहे.

ती मोठी म्हणजे तू टिक केलेला तो प्रश्न. तू पत्रात किती सहज लिहिलंयस, "एक प्रश्न बँकरप्सीबद्दल होता". अगं, तोच तर सगळा खेळ. क्लेम्स कंपन्यांना एफसीएच्या नियमांप्रमाणे सही घ्यायच्या आधी गिऱ्हाईक बँकरप्ट, आयव्हीएत (घेणेकऱ्यांशी केलेला कर्जफेडीचा करार) वगैरे आहे का याचा वाजवी शोध घ्यावा लागतो, कारण तसं असेल तर पैसे गिऱ्हाईकाच्या हातात येणारच नाहीत हे त्यांना धंद्यामुळे माहीत असतं आणि आपल्याला नसतं. आता त्यांनी प्रश्न कसा विचारला होता? "तुम्ही सध्या बँकरप्ट आहात का?" असं असेल तर तुझं 'नाही' हे शंभर टक्के खरं उत्तर आहे, २०२३ ला तू बँकरप्ट नव्हतीसच. खोट त्यांच्या प्रश्नात आहे, कारण जुन्या लोनच्या क्लेमला 'सध्या' विचारून काही उपयोग नाही हे त्यांना कळायला हवं होतं. पण प्रश्न "तुम्ही कधीही बँकरप्ट झाला होतात का?" असा असेल, तर मात्र तुझी बाजू लंगडी आहे. मनात खोटं नव्हतं हे मला पटतं, पण समोरचा म्हणेल आम्ही विचारलं होतं, बाईंनी चुकीचं सांगितलं, आम्ही वर्षभर काम केलं, आमची काय चूक. आणि तशात त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

तुला तो प्रश्न शब्दशः आठवत नाही, आठवणार पण नाही, बसस्टॉपवर एका हातात पिशवी धरून कोण वाचतं. म्हणून तो त्यांच्याकडूनच काढून घ्यायचा. याला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, तुझ्याबद्दल कंपनीकडे जी काय माहिती आहे ती मागायचा तुझा हक्क, फुकट आहे, आणि साधारण महिन्याभरात द्यावी लागते. ईमेल कर आणि त्यात नुसतं "माझा डेटा द्या" लिहू नकोस, नाव घेऊन माग: मी भरलेला फॉर्म प्रश्नांसकट, माझी उत्तरं, सही केल्याची तारीख-वेळ, झालेल्या सगळ्या फोनची रेकॉर्डिंग, आणि सॉफ्ट सर्चमध्ये त्यांना जे दिसलं ते सगळं.

हे सॉफ्ट सर्चचं वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. कारण बघ, ते म्हणतील आम्ही सरकारी इन्सॉल्व्हन्सी रजिस्टर बघितलं, त्यात बाईंचं नाव नव्हतं. आणि नसेलच, डिस्चार्ज झाल्यावर तीन महिन्यांनी नाव त्यावरून निघतं, तुझं जून २०२२ लाच गेलं असणार. पण क्रेडिट रिपोर्टवर बँकरप्सी सहा वर्षं राहते. तुझी मार्च २०२७ पर्यंत. म्हणजे ज्या फाईलमध्ये हात घालून त्यांनी तुझ्या जुन्या लोनची यादी काढली आणि "बघा, एवढ्या कंपन्यांवर क्लेम होऊ शकतो" म्हणून तुला हुरूप आणला, त्याच फाईलमध्ये ही नोंद होती. त्यांच्या सर्चमध्ये ती दिसली होती का, हा प्रश्न त्यांना विचारायचा. दिसली असेल आणि तरी सही घेतली, तर मग बोलायलाच नको. लोनं तेवढी दिसली आणि बँकरप्सी नेमकी दिसली नाही म्हणाले, तर तसा अर्धाच सर्च का घेतला ते सांगा म्हणायचं.

दुसरी गोष्ट कराराचे शब्द. तू पाठवलेल्या पीडीएफचं पान चार, कलम सात. तिथे फी कशावर लागते ते लिहिलंय, तुला मिळालेली रक्कम किंवा "तुमच्या वतीनं तिसऱ्या पक्षाला दिलेली" रक्कम. कंपनी म्हणणार रिसिव्हर हा तिसरा पक्ष. पण अगं तुझ्या वतीनं कुठे दिली? तू कोणाला सांगितलंस का की माझे पैसे रिसिव्हरला द्या? ते पैसे तुझे नव्हतेच, रिसिव्हरनं स्वतःचे पैसे स्वतः घेतले. "वतीनं" हा एक शब्द तुझ्या बाजूनं उभा आहे, आणि २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट असा आहे की कराराचा अर्थ दोन्हीकडे लागत असेल तर गिऱ्हाईकाच्या बाजूचा धरायचा. त्याच कायद्यात हे पण आहे की सेवा देणाऱ्यानं काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं करायचं. ज्या क्लेमचा मालक दुसराच आहे तो क्लेम दीड वर्ष चालवणं हे कसलं कौशल्य, असं मी तरी लिहीन, तू जरा सभ्य शब्दांत लिही.

तिसरी लहान आहे पण तारीख मजेची आहे. एफसीएची कन्झ्युमर ड्यूटी ३१ जुलै २०२३ ला लागू झाली, म्हणजे गिऱ्हाईकाला कळेल असं सांगा आणि आधीच दिसणारं नुकसान टाळा, ही जबाबदारी कंपन्यांवर. तुझी सही ऑगस्ट २०२३. जेमतेम काही आठवडे, पण नियमाच्या नंतरची. पैसे दुसऱ्याला जाणार आणि फी हिला बसणार, हे नुकसान या धंद्यात आधी दिसत नाही असं कोण म्हणेल.

आता एवढं करायचं. सगळ्यात आधी ऑफिशियल रिसिव्हरच्या ऑफिसला ईमेल, तुझा बँकरप्सीचा नंबर घालून, की अमुक लोनची भरपाई तुम्हाला मिळाली का, किती, कधी, आणि तो क्लेम बँकरप्सीच्या मालमत्तेचा होता हे लेखी कळवा. सोबत एक ओळ टाक की हा हक्क असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घाबरू नकोस, लपवलंस असा आरोप कोणी करणार नाही, माहीत नसलेली गोष्ट कोण लपवणार. आणि "मग फी तुम्हीच द्या" असं रिसिव्हरला विचारून बघायला हरकत नाही, पण आशा धरू नकोस, त्यांनी त्या कंपनीशी करार केलेला नाही. शिल्लक राहिली तर तुला परत मिळेल का असं पण मनात आलं असेल, तर सगळे घेणेकरी, खर्च आणि व्याज भागून उरलं तरच, आणि ते सहसा उरत नाही.

मग कंपनीला तक्रार. ईमेलच्या विषयात 'कम्प्लेंट' हा शब्द हवाच, नाहीतर "क्वेरी" म्हणून बाजूला टाकतात. मजकूर इंग्रजीत पण साधा ठेव, वकिली भाषा आणायला जाऊ नकोस. मी असा लिहिला असता: माझी बँकरप्सी या तारखेची, डिस्चार्ज या तारखेचा, तुमचा करार या तारखेचा, लोन त्याआधीचं, त्यामुळे क्लेम माझा नव्हता, पैसे मला मिळाले नाहीत, हे सोबतचं पत्र. तुम्ही सही घेण्याआधी माझ्या जुन्या बँकरप्सीबद्दल नीट विचारलं नाही, माझी क्रेडिट फाईल मात्र बघितली. कोणी मला सांगितलं असतं की पैसे रिसिव्हरला जातील तर मी सही केलीच नसती. म्हणून बिल पूर्ण रद्द करा, वसुली थांबवा, आणि तुमचं अंतिम उत्तर द्या. बस्स. "नीट विचारलं नाही" हे वाक्य मात्र फॉर्म हातात आल्यावरच घाल. तो यायला महिना लागेल असं वाटलं तर आत्ता लिही की "नेमकं काय विचारलं होतं ते कळवा". आपणच खोटं पकडलं जायला नको. तुझं 'नाही' चं टिक पण लपवू नकोस, तूच आधी सांगितलंस तर प्रामाणिकपणा दिसतो, त्यांनी काढून दाखवलं तर वेगळं दिसतं.

त्याच ईमेलची कॉपी वसुलीवाल्यांना, वर एक ओळ, हे बिल वादात आहे, कंपनीशी बोला.

कंपनीला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे. उत्तर नकारार्थी आलं किंवा आलंच नाही की क्लेम्स मॅनेजमेंट ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारा) जायचं, तो फायनान्शियल ओम्बड्समनचाच भाग आहे, १ एप्रिल २०१९ पासून. गिऱ्हाईकाला फुकट. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिने असतात, ती तारीख कॅलेंडरवर लिही. निकाल तू मान्य केलास की कंपनीवर बंधनकारक, तू नाही मानलास तर तुझ्यावर नाही, असा एकतर्फी सौदा आयुष्यात फार कमी वेळा मिळतो. फक्त त्याआधी एफसीएच्या रजिस्टरवर कंपनीचं नाव बघ. काही वेळा 'क्लेम्स कंपनी' म्हणून जे असतं ते प्रत्यक्षात सॉलिसिटरची फर्म असते, तसं निघालं तर तक्रार लीगल ओम्बड्समनकडे जाते आणि चुकीच्या दारात उभं राहून तुझे महिने वाया जातात.

आणि फॉर्मवर "कधीही" असा प्रश्न निघाला तर? तरी तक्रार करच. दुसरा आणि तिसरा मुद्दा शिल्लक राहतोच, सर्चचा पण. पण मग पूर्ण माफीचा हट्ट धरण्यापेक्षा फी कमी करून घ्यायची तयारी ठेव, उत्पन्न-खर्चाचा कागद जोड, आणि जे ठरेल ते 'फुल अँड फायनल' असं लेखी घेतल्याशिवाय पेनी देऊ नकोस. या बाजूला स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन या कर्जसल्ला देणाऱ्या संस्थांचे लोक फोनवर फुकट मदत करतात, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये समोर बसून. फार दडपण आलं तर ब्रीदिंग स्पेस म्हणून ६० दिवस वसुली थांबवायची सोय पण आहे, ती सल्लागारामार्फत लागते.

एकच कागद असा आहे की तो आला तर सगळं बाजूला ठेवायचं. नॉर्थॅम्प्टनहून कोर्टाचा क्लेम फॉर्म. त्यावर छापलेल्या तारखेनंतर पाच दिवसांनी तो तुला पोचला असं धरतात आणि तिथून १४ दिवस. तेवढ्यात नुसतं पोच दिल्याचं ऑनलाइन कळवलंस की बचाव लिहायला एकूण २८ होतात. रक्कम छोटी आहे, स्मॉल क्लेम्समध्ये जाईल, वकील नसला तरी चालतं. पण उत्तरच दिलं नाहीस तर खरं-खोटं न बघता निकाल त्यांच्या बाजूनं लागतो आणि सीसीजे (कोर्टाच्या त्या निकालाची नोंद) सहा वर्षं तुझ्या नावावर बसतो, आणि बेलिफचा प्रश्न तिथून सुरू होतो. मी बघितलेल्या केसेसमध्ये माणसं हरली ती बहुतेक पाकीट न उघडल्यामुळे हरली. टोस्टरच्या मागे, फ्रिजवर, एका बाईंनी तर देवघराच्या खणात ठेवली होती पाकिटं, आरतीच्या पुस्तकाखाली.

स्कॉटलंडमधल्यांनी हे सगळं जसंच्या तसं घेऊ नये, तिकडे कायदा वेगळा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिकडच्या एका ट्रस्ट डीडच्या (घेणेकऱ्यांशी कर्जफेडीचा तिकडचा करार) प्रकरणात पीपीआयचे पैसे कर्जदाराकडेच राहतात असा निकाल दिला होता. तिकडचं कोणी असेल तर वेगळं पत्र लिहा.

मिस्टरांचं. हे कायद्यात बसत नाही पण तू विचारलंयस. देणं तुझ्या एकटीच्या नावावर आहे, त्यांच्यावर येत नाही, त्यामुळे सांगायलाच हवं असं काही नाही. पण आता पत्रं घरी यायला लागलीत गं, आणि लाल अक्षरातलं पाकीट त्यांनी उघडून मग तू समजावण्यापेक्षा, एखाद्या रविवारी चहाच्या वेळी तूच सांग. 'दिवाळं' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात म्हणून तुला लाज वाटते, मला कळतं. पण तू डबे पोचवत होतीस आणि ऑफिसं बंद झाली, यात तुझं काय चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि हो, या कंपनीविरुद्ध लढायला दुसरी कुठली नो विन नो फी गाठू नकोस हं, माझ्याकडे तसं पण एक पत्र आलेलं आहे.

आज रात्री दोन ईमेल, रिसिव्हरला आणि डेटासाठी कंपनीला. उद्या तक्रार. फॉर्म आला की त्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट मला पाठव, 'सध्या' आहे की 'कधीही' आहे ते बघू आणि मग पुढचं पत्र दोघी मिळून लिहू.